टॅब कोणाच्या हातात द्यायचा? साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
सांगली जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने

विषय : शेती विभागासाठी टॅब खरेदी करण्यापूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले, की शेती विभागाच्या संगणकीकरणाचा विषय कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या चर्चेत येतो आणि त्यात टॅब खरेदीचा उल्लेख बहुधा असतोच. मी पलूस तालुक्यातला ऊस उत्पादक सभासद आहे आणि संगणक, मोबाइल व टॅब दुरुस्तीचे छोटे दुकानही चालवतो, त्यामुळे या वस्तूविषयी मला बांधावरूनही बोलता येते आणि दुकानातल्या टेबलावरूनही. माझे म्हणणे असे आहे, की टॅबला आपल्या भागात खरा उपयोग आहे आणि म्हणून त्याला गिऱ्हाईकही आहे. परंतु ते गिऱ्हाईक शोरूममध्ये किंवा शाळेतल्या वाटप समारंभात सापडणार नाही. जे काम उभ्या उभ्या करावे लागते आणि ज्यातली नोंद समोरच्या माणसालाही त्याच वेळी दिसायला हवी, त्या कामात ते आहे. आपल्याकडे असे सर्वांत मोठे काम उसाच्या लागण नोंदीचे, म्हणजे कोणी कुठे, किती आणि कधी ऊस लावला हे कारखान्याच्या दप्तरी लिहिण्याचे आहे.

हे यंत्र स्वतःसाठी काम शोधत किती वर्षे फिरले, ते थोडे आठवून पाहण्यासारखे आहे. १९८९ साली अमेरिकेत ग्रिडपॅड नावाचा पेनने चालणारा टॅब विक्रीला आला. तो महाग आणि जड होता, पण ज्यांची माणसे बाहेर फिरून फॉर्म भरत, अशा संस्थांनी तो घेतला. १९९३ मध्ये ॲपलने न्यूटन आणला आणि १९९८ मध्ये बंद केला. २००१ साली बिल गेट्स यांनी जाहीर भाकीत केले, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा संगणक टॅब्लेट पीसी असेल. ते भाकीत साफ चुकले. २०१० मध्ये आयपॅड आला आणि चार वर्षे असे वाटले, की आता लॅपटॉपचे दिवस भरले. २०१४ च्या सुमारास जगभरातील टॅबची वार्षिक विक्री २३ कोटींच्या घरात गेली आणि नंतर उतरली. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळांमुळे ती पुन्हा चढली खरी, पण २०२३ मध्ये ती १३ कोटींच्याही खाली होती. उताराचे कारण गूढ नाही. मोबाइलचा पडदा मोठा झाला, लॅपटॉप हलका झाला आणि मधल्या वस्तूला घरात सिनेमा पाहण्यापलीकडे काम उरले नाही. जी वस्तू पाहण्यापुरतीच असते, ती जुनी झाली म्हणून कोणी बदलतही नाही.

आपल्या देशात हा प्रयोग दोनदा गाजला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एका कंपनीच्या साथीने या शतकाच्या सुरुवातीला 'सिम्प्यूटर' हा हातात मावणारा स्वस्त संगणक तयार केला. त्याची विक्री काही हजारांपुढे गेली नाही, परंतु जिथे तो वापरला गेला त्यांपैकी एक काम कर्नाटकातील जमिनीच्या नोंदींचे होते, हे लक्षात ठेवावे. दुसरा प्रयोग 'आकाश'चा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी तो टॅब जाहीर केला, तेव्हा साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत त्याच्या किमतीची चर्चा झाली. त्याचा पडदा दाबल्याशिवाय स्पर्श ओळखत नव्हता, प्रोसेसर मंद होता आणि बॅटरी जेमतेम तीन तासांची होती. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. माझ्या मते 'आकाश'ची अडचण स्वस्तपणाची नव्हती. किंमत आधी ठरली आणि त्या यंत्रावर विद्यार्थी सकाळी दहा वाजता नेमके काय करणार, हे शेवटपर्यंत ठरले नाही. टॅब वाटपाचे समारंभ आपल्याकडे अजूनही होतात, मागच्या फलकावर फोटो असतात, आणि त्यांतले बरेच टॅब वर्षाच्या आत माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात.

टेबलावर येणाऱ्या टॅबची अवस्थाही सांगतो, कारण खरेदीच्या वेळी ती कोणी सांगत नाही. निम्म्यांची काच फुटलेली असते आणि उरलेल्यांत फुगलेल्या बॅटऱ्या बऱ्याच. मोबाइलची काच मिरज-सांगलीच्या बाजारात संध्याकाळपर्यंत मिळते. टॅबची मात्र मॉडेलगणिक वेगळी असल्याने मागवावी लागते आणि बदलण्याचा खर्च कित्येकदा नव्या टॅबच्या निम्म्याच्या आसपास जातो, तेव्हा गिऱ्हाईक 'राहू दे' म्हणून निघून जाते. बॅटरी फुगण्याचे कारण बहुतेक वेळा वापर नसून वापर नसणे हे असते. पूर्ण उतरलेला किंवा पूर्ण चार्ज केलेला टॅब महिनोन्महिने कपाटात पडून राहिला, की लिथियमची बॅटरी खराब होते. कारखान्याचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि पुढची आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली, लागण जून-जुलैत सुरू होते. मधल्या काळात शंभर टॅब कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांतील लोखंडी कपाटांत तापत राहिले, तर पुढच्या मोसमाला त्यांतले किती सुरू होतील, याचा हिशेब आजच मांडलेला बरा. निम्म्या चार्जवर, सावलीच्या जागी ठेवणे आणि महिन्याला एकदा तपासणे एवढाच त्यावरचा उपाय आहे. पण ते काम कोणाचे, हे कागदावर लिहिलेले असावे लागते.

या उलट ज्या यंत्रांनी आपल्याकडे पक्के घर केले, त्यांची नावे काढली तर त्यांत एक साम्य दिसते. एसटीच्या कंडक्टरच्या हातातले तिकीट यंत्र, दूध संकलन केंद्रावरचे फॅट आणि वजन एका पावतीवर छापणारे यंत्र, मीटर रीडरचा फोटो घेणारा मोबाइल. यांपैकी एकही यंत्र दहा कामे करत नाही, प्रत्येकाला एकच काम दिलेले आहे आणि त्या कामाच्या शेवटी समोरच्या माणसाच्या हातात पावती पडते किंवा त्याला आकडा दिसतो. चिटबॉय, म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारा कारखान्याचा कर्मचारी, याच्या कामात नेमकी याचीच उणीव आहे.

लागण नोंद कशी होते, हे आपणांपैकी बहुतेकांना माहीत असले तरी एकदा सावकाश पाहू. चिटबॉय मोटारसायकल बांधावर लावतो, टाकीवर वही टेकवतो आणि सभासदाला विचारतो : गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. सभासद सांगतो, 'वीस गुंठे धर, दोनशे पासष्ट, आषाढातली लागण.' क्षेत्र पावलांनी किंवा नजरेने ताडून पाहिले जाते, आषाढाची इंग्रजी तारीख अंदाजाने बसवली जाते आणि वही पुढच्या बांधाकडे जाते. आठ-पंधरा दिवसांनी गट ऑफिसात लिपिक ती वही संगणकात भरतो, तेव्हा सात आणि एक सारखे दिसतात, पोटहिस्सा सुटतो, सारख्या नावाच्या दोन चुलतभावांची खाती एकमेकांत जातात. सभासदाला हे कळते ते थेट तोडणीचा कार्यक्रम लागतो तेव्हा, आणि त्या वेळी वाद घालून उपयोग नसतो. उसाचे पैसे वजनावर मिळतात, नोंदीवर नाही, हे खरे. तथापि तोडीचा क्रम, उधारीवरचे खत आणि बेणे, गाळपाचा अंदाज आणि त्या अंदाजावर मुकादमांशी केलेले तोडणी मजुरांच्या टोळ्यांचे करार, हे सर्व त्याच नोंदीवर उभे असते. तारखेवर पाळी ठरते, म्हणून तारीख मागे सरकवण्याचा मोह दोन्ही बाजूंना असतो, हेही उघड गुपित आहे.

आता त्याच बांधावर चिटबॉयच्या हातात आठ इंची टॅब आहे असे समजा. तो शेताच्या कडेने चालत फेरी मारतो, नकाशावर रेघ उमटत जाते, क्षेत्र गुंठ्यांत दिसते, सभासदांच्या यादीतून नाव निवडले जाते, जात निवडली जाते, उगवणीचा फोटो वेळ आणि ठिकाणासह घेतला जातो. मग तो टॅब फिरवून सभासदापुढे धरतो. सभासद पडद्यावर आपली विहीर, आपला बांध आणि शेजाऱ्याची ताल ओळखतो आणि म्हणतो, 'ही कड अजून आत घे, ते नाल्यातलं आहे.' नोंद दुरुस्त होते आणि तिथेच सभासदाच्या मोबाइलवर संदेश येतो. टॅब आणि मोबाइल यांतला फरक या एका क्षणात आहे. नुसती नोंद भरायची असेल तर मोबाइल पुरेसा आहे, आणि 'चिटबॉयच्या खिशात मोबाइल असताना टॅब कशाला?' हा संचालकांचा प्रश्न तिथपर्यंत अगदी रास्त आहे. परंतु सहा इंची पडद्यावर पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्याला उन्हात आपला बांध दिसत नाही आणि लॅपटॉप सरीत उभे राहून धरता येत नाही. शिवाय खिशातला मोबाइल चिटबॉयचा स्वतःचा, त्याच्या पैशाचा असतो. तो बिघडला तर कारखान्याचे काम अडते आणि खर्च मात्र त्याच्या पगारातून जातो, हे न्यायाचे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. विक्रेते सांगतात तसे टॅबचे जीपीएस क्षेत्र अचूक मोजत नाही. साध्या टॅबची चूक मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत असते आणि झाडाखाली किंवा वाढलेल्या उसात त्याहून जास्त. सगळी रेघ एकाच दिशेला सरकली तर क्षेत्रात फरक पडत नाही, पण प्रत्येक कोपऱ्यावर वेगळी चूक झाली तर पडतो. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला, तर त्याची बाजू सुमारे ४५ मीटर भरते. लांबी आणि रुंदी तीन-तीन मीटरने वाढून ४८ झाली, की क्षेत्र पावणेतीन गुंठ्यांनी वाढते. एकरी चाळीस टनांच्या हिशेबाने गुंठ्याला एक टन, म्हणजे एकाच तुकड्यावर पावणेतीन टन ऊस कागदावर उगवला. तुकडा जितका लहान तितकी ही टक्केवारी मोठी, आणि वाटण्या होऊन आपल्याकडचे तुकडे लहानच आहेत. म्हणून टॅबवरचे मोजमाप सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहणारी आणि फरक ठरावीक मर्यादेपुढे गेला तर लाल खूण दाखवणारी सोय ॲपमध्ये असलीच पाहिजे. हे मोजमाप हद्दीच्या वादात पुरावा म्हणून चालणार नाही, हेही सभासदांना आधीच सांगावे. नाहीतर चिटबॉयला मोजणी अधिकारी समजून भाऊबंद त्याच्या अंगावर येतील.

कागदाऐवजी यंत्रावर ऊस नोंदवणे ही काही नवी गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात उसाचे सर्वेक्षण जीपीएस असलेल्या हातातल्या यंत्रांवर होते आणि तोडीची पावती शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशाने जाते. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली आणि २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने शेतकऱ्याला स्वतःच उसाची नोंद करता यावी म्हणून महा-ऊस नोंदणी ॲप आणले. ही दोन्ही ॲप शेतकऱ्याने स्वतः वापरायची आहेत. प्रत्यक्षात अनेक घरांत ते काम कॉलेजला जाणाऱ्या पोराकडे किंवा गावातल्या सेवा केंद्राकडे जाते. कारखान्याकडे मात्र गावोगाव फिरणारा, घराघरांत ओळख असणारा पगारी माणूस आधीपासून आहे, आणि हे भांडवल सरकारकडेही या प्रमाणात नाही.

यंत्र निवडताना २०२१ साली राज्यात काय घडले, ते विसरता कामा नये. पोषण आहाराच्या नोंदींसाठी दिलेले मोबाइल अंगणवाडी सेविकांनी मोठ्या संख्येने सरकारला परत केले. त्यांची रॅम दोन जीबीची होती, नवे ॲप त्यांवर नीट चालत नव्हते, मोबाइल तापत होते, ॲपची भाषा इंग्रजी होती आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकांवर पडत होता. त्या बायकांचा विरोध यंत्राला नव्हता, तर अपुऱ्या यंत्रावर पूर्ण काम मागण्याला होता. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची हा नियम पाळून कारखाना हीच अवस्था चिटबॉयवर आणू शकतो.

म्हणून निविदेत कंपनीचे नाव न घालता शेतातली परिस्थिती घालावी. दुपारी बारा वाजता उघड्यावर पडदा वाचता आला पाहिजे. साध्या टॅबची उजळता चारशे निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) आसपास असते आणि उन्हात ती पुरत नाही, त्याच्या दुप्पट लागते. काचेवर पावसाचे थेंब असताना बोटाचा स्पर्श चुकतो, म्हणून पेन हवा आणि तो दोरीने बांधलेला हवा. धूळ आणि पाणी यांपासून संरक्षणाचा दर्जा आयपी ६५ तरी असावा. दहा इंची टॅब एका हातात तासभर धरवत नाही, आठ इंची पुरे. नेटवर्क नसताना दिवसभराच्या नोंदी टॅबमध्येच राहून संध्याकाळी गट ऑफिसात आपोआप वर गेल्या पाहिजेत. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यामुळे खानापूर, कडेगाव, कवठेमहांकाळकडे जो नवा ऊस उभा राहिला आहे, तिथल्या डोंगराआडच्या शिवारात ही सोय नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे. ॲप मराठीत असावे आणि त्यात टंकलेखन जवळपास नसावे, कारण मातीच्या बोटांनी जोडाक्षरे टाइप करायला लावणे हा छळ आहे. टॅब त्या एका ॲपपुरता कुलूपबंद असावा, याची गरज मी वेगळी सांगायला नको.

यंत्रापेक्षाही अधिक काळजी सॉफ्टवेअरच्या कराराची घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. हजारो सभासदांचे गट नंबर, मोबाइल क्रमांक, शेताचे नकाशे आणि अंदाजित उत्पादन ही माहिती खतवाल्याला, बियाणेवाल्याला, कर्जवाल्याला आणि शेजारच्या कारखान्यालाही हवी असते. ती कारखान्याच्या मालकीची आहे, ती सभासदाच्या संमतीशिवाय कोणाला देता येणार नाही आणि करार संपल्यावर ती कोणत्याही संगणकात उघडेल अशा साध्या तक्त्याच्या स्वरूपात परत मिळेल, ही तीन वाक्ये करारात नसतील तर सही करू नये. दर वाढवला की माहिती अडकवायची, हा या धंद्यातला जुना खेळ आहे.

खर्चाचे म्हणाल, तर उदाहरणादाखल शंभर टॅब, प्रत्येकी पंधरा हजार रुपये धरले, तर पंधरा लाख होतात. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याला हे टनामागे तीन रुपये आणि तीन वर्षांत विभागले तर वर्षाला टनामागे एक रुपया पडते. मजबूत बांधणीचे टॅब याच्या दुपटी-तिपटीला जातात. त्यात दर दहा टॅबमागे एक जादा टॅब, कव्हर, पट्टा, सिमचा खर्च, वर्षाला काही काचा आणि बॅटऱ्या धराव्यात. एवढे धरूनही टोळ्यांचा अंदाज चुकल्याने होणारे नुकसान, आणि उशिरा तुटलेल्या उसाचे वजन घटून सभासदाच्या पदरी येणारी तूट, यांपुढे हा आकडा मोठा नाही. मात्र प्रत्येक चिटबॉयला एक टॅब ही मागणीही मला पटत नाही. लागण नोंदीच्या मोसमात दोघांत एक टॅब पाळीने फिरवता येतो.

उसाच्या वजनकाट्यावर टॅब नको. तिथे लांबून दिसणारा मोठा आकडा हवा, आणि काटामारीचा, म्हणजे वजन कमी दाखवल्याचा, संशय टॅबने जाणार नाही. ट्रॅक्टरवाल्यांना मोबाइल पुरतो. संचालकांच्या बैठकीसाठी टॅब घेण्याचा ठराव असेल, तर तो नम्रपणे मागे घ्यावा.

माझी विनंती एवढीच आहे, की संपूर्ण खरेदीआधी येत्या सुरू लागणीत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, दोन गटांत चाचणी घ्यावी : एक कृष्णाकाठचा जुना बागायती गट आणि एक उपसा योजनेखालचा नवा गट. दोन्हीकडे वही आणि टॅब अशी दुहेरी नोंद ठेवावी आणि तोडणीच्या वेळी कोणती नोंद वजनाच्या जवळ आली, हे तपासावे. खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या) नोंदीही त्यात घ्याव्यात, कारण गडबड तिथे अधिक होते. चाचणीच्या समितीत शेती अधिकाऱ्यांबरोबर दोन चिटबॉय आणि दोन सभासद असावेत, आणि जे आकडे येतील ते, टॅबच्या विरोधात गेले तरीही, पुढच्या वार्षिक अहवालात छापावेत. पुरवठ्याच्या निविदेत मी अथवा माझे दुकान भाग घेणार नाही. चाचणीसाठी आलेले टॅब उघडून त्यांची बॅटरी, काच आणि सुटे भाग यांची उपलब्धता तपासून देण्याचे काम मात्र कोणत्याही कारखान्याने सांगितल्यास विनामोबदला करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
पलूस, जि. सांगली